मन्या, ओमच्या मशीनबद्दल

मन्या,

ताईच्या ओमलाही फिट्ससाठी आमच्या सईसारखं मशीन बसवावं का, हा तुझा मेसेज वाचला. फोनच करणार होतो, पण घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये धड बोलणं होत नाही, म्हणून लिहितोच.

पहिलं म्हणजे सईच्या मेंदूत काहीच बसवलेलं नाहीये, सगळ्यांना तेच वाटतं. तिचं व्हीएनएस आहे, छातीत कॉलरबोनखाली बॅटरी आणि तिथून वायर मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या व्हेगस नर्व्हला गुंडाळलेली, दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट करंट जातो. मेंदूत वायर घालतात ते डीबीएस. सईचा आजार द्रावे, लहानपणापासूनच्या फिट्सचा, म्हणजे एससीएन१ए नावाच्या जीनचा घोळ, अख्ख्या मेंदूचाच प्रश्न, त्यामुळे एखादा भाग काढून टाकायचं ऑपरेशन तिच्यासाठी नव्हतंच. त्यात जीन टेस्टच्या आधी एका डॉक्टरांनी कार्बामॅझेपिन हे फिट्सचं औषध दिलेलं, द्रावेत त्याने फिट्स वाढू शकतात, आणि आम्ही आपले घड्याळ लावून डोस देतोय! जाऊ दे, तो विषय निघाला की माझं बीपी वाढतं.

फिट्स गेल्या नाहीत रे, औषधंही चालूच आहेत. पण रात्री-अपरात्री अॅम्ब्युलन्स बोलवायची वेळ आता क्वचित येते, आणि फिटनंतर दिवसभर मलूल पडायची ती तासाभरात उठून पोहे मागते. फिट आली की बॅटरीवरून मॅग्नेट फिरवायचं, जादा करंट मिळतो. तेच मॅग्नेट तिथे धरून ठेवलं तर मशीन तेवढा वेळ बंद. करंट चालू असताना आवाज घोगरा होतो ना, म्हणून गणपतीत आरतीला बाईसाहेब स्वतःच मॅग्नेट छातीशी धरून उभ्या, आणि वर आजीला सूर सांगतात.

तू पाठवलास तो व्हिडिओ लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमधल्या मुलाचा, २०२३ मध्ये कवटीत बसवलेलं डीबीएसचं मशीन, हेडफोन लावून चार्ज होतं, दिवसाच्या फिट्स ८० टक्के कमी झाल्या. त्यालाही ओमसारखंच लेनॉक्स-गॅस्टॉ, औषधांना दाद न देणारी मुलांमधली एपिलेप्सी, म्हणून ताईचा जीव त्यात अडकलाय, कळतं मला. पण ती ट्रायल आहे आणि तो त्यातला पहिला मुलगा. व्हीएनएसमध्ये साधारण निम्म्या पेशंटच्या फिट्स निम्म्यावर येतात, तेही सेटिंग हळूहळू वाढवत महिनोन्महिने थांबून. त्यामुळे ताईला आधी विचार, कुठल्या फिट्स कमी झाल्या तर खर्च आणि ऑपरेशन सार्थकी लागलं म्हणशील? मी असतो तर ड्रॉप अटॅक, म्हणजे एकदम खाली कोसळायच्या फिट्स, म्हणालो असतो, पोराचं कपाळ दर आठवड्याला फुटतंय.

आणि एमआरआय बाकी असेल तर मशीन बसवायच्या आधीच उरकून घ्या, नंतर दर वेळी मशीन बंद करून, कुठल्या स्कॅनरवर चालेल ते बघत बसावं लागतं. रविवारी ताईला घेऊन ये, फिट्सची डायरी आणि मोबाईलवरचे व्हिडिओ आण. जीन टेस्ट केलीय की नुसती लिहून दिलीय, ते फाइलमध्ये बघून ठेव.

तुझा
पक्या