चिमे, आधी त्याला एवढं विचार

प्रिय चिमे,

तुझा व्हॉइस मेसेज ठाणे लोकलमध्ये ऐकला, गर्दीत काय बोलणार, म्हणून आता घरी येऊन लिहितेय. यूकेतल्या मुलाशी लग्न ठरलं, अभिनंदन गं! पण काकू दादरला हॉल बघत फिरतायत ना, त्याच्या आधी त्याला एक विचार, तो तिकडे पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवानगीवर आहे, का वर्क व्हिसावर? कारण यूकेचा स्पाउस व्हिसा ब्रिटिश नागरिक नाहीतर पीआरवाल्याच्या बायकोला मिळतो, वर्क व्हिसा असेल तर तुझा डिपेंडंटचा, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा अर्ज, त्याचे नियम वेगळे, आणि मार्च 2024 नंतर केअर वर्कर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळायच्या कामावर गेलेल्याला तर बायको नेताच येत नाही.

आमच्या ह्यांचं पीआर आहे, म्हणून मला वाटलेलं झालंच काम. कसलं काय! नवऱ्याचा पगार वर्षाला 29,000 पाउंड हवा, एप्रिल 2024 च्या आधी हेच 18,600 होतं. आणि माझा पगार? शून्य धरतात. आठ वर्षं अंधेरीला मर मर मरतेय, टीम सांभाळतेय, पण इथून अर्ज करताना माझी कमाई मोजतच नाहीत, फक्त त्याची. एका एजंटने माझ्या सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा घेतल्या, त्याचे पैसेपण घेतले, आणि त्या स्लिपांचा उपयोग काहीच नव्हता, मेला! स्लिपा नवऱ्याच्या लागतात, सहा महिन्यांच्या, आणि तोच पगार बँकेत जमा झालेला दिसला पाहिजे. तुझ्यावाल्याला सांग, अर्ज जाईपर्यंत नोकरी बदलू नको, बदलली तर मागच्या बारा महिन्यांचा हिशोब द्यावा लागतो.

इंग्लिशची परीक्षापण दिली मी, ए-वन लेव्हल, म्हणजे नाव काय, घरी कोण कोण, एवढंच. दिवसभर गोऱ्या क्लायंटशी भांडते आणि तिथे मात्र घाम फुटला! मग टीबीची टेस्ट, छातीचा एक्स-रे, तो त्यांनी ठरवलेल्या क्लिनिकमध्येच, फॅमिली डॉक्टरचा चालत नाही, आणि सर्टिफिकेट सहाच महिने चालतं, म्हणून उगाच आधी करून ठेवू नको.

लग्न झालं की तो परत जायच्या आत वॉर्ड ऑफिसला रजिस्ट्रेशन करून घे. तीन साक्षीदार, भटजींची सही, पत्रिका, सगळं लागतं. आमच्या ह्यांना दोनच आठवडे रजा, गुरुजी नेमके गावाला, काय धावपळ झाली विचारू नको. आणि पत्रिका इंग्लिशमध्येपण छाप बाई. मराठी कागद द्यायचा तर सर्टिफाइड भाषांतर लागतं, आमच्या भाषांतरवाल्याने "चि. सौ. कां." वर तीनदा फोन केला, त्याला काय सांगू मी.

नातं खरं आहे हे दाखवायला फोटो, कॉल लॉग, तिकिटं. आम्ही दोन वर्षं रोज रात्री बोललो, पण फोन भरला म्हणून मी चॅट उडवलेले, तेव्हा रडायचीच बाकी होते. तू आत्तापासून स्क्रीनशॉट काढून ठेव, भांडणाचे असले तरी चालतील, खरं वाटतं.

पैशांचं काकांना हळू सांग. 2025 मध्ये आमची फी 1,938 पाउंड, वर हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी आधीच भरायचे पैसे, 3,105, म्हणजे रुपयांत पाच लाखांच्या पुढे, आणि व्हिसा 33 महिन्यांचाच, पुढे परत अर्ज, परत फी.

आमचा निकाल अजून यायचाय. शनिवारी येते, फाइल आणते, तू झेरॉक्स काढून घे, आणि काकूंना म्हणावं साबुदाणा वडे करा.

तुझीच,
मनी