चेक व्हॉल्व्ह साफ करून देणाऱ्या दादांना

प्रबंधाची मुदत तोंडावर आलेली आणि आमच्या एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) पंपाचा दाब सारखा वरखाली होऊ लागला. आलेखावरची टोकं, म्हणजे पीक, जागेवर येईनात. फ्रीजमधले औषधाचे नमुने फार दिवस टिकणारे नव्हते.

शेजारच्या विभागाचं यंत्र बघायला पाषाणहून आलेले एक सर्व्हिस इंजिनिअर जिन्यात भेटले. आमचं यंत्र त्यांच्या कंपनीचं नव्हतं, तरी बॅग घेऊन आत आले. पंपातला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे द्रव एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, खोलला, टिश्यूवर माणकाची इवलीशी गोळी ठेवली आणि तिला चिकटलेला पांढरा क्षार दाखवला. अ‍ॅसिटोनायट्राइल हे द्रावक वाढलं की पंपातल्या द्रवातला फॉस्फेट बफरचा क्षार असा बाहेर पडतो. आधी कोमट पाण्यात, मग आयसोप्रोपेनॉलमध्ये घालून सॉनिकेटरला, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्राला, लावलं. दुसरा व्हॉल्व्ह मात्र माझ्याच हातून बसवून घेतला. "जोर नको ताई, हाताला कळतं कुठे थांबायचं ते."

निघताना पुन्हा वर येऊन आलेखाची बेसलाइन बघून गेले. पैशांचं नाव काढू दिलं नाही. नमुने वेळेत झाले, प्रबंधही गेला. रात्री उशिरापर्यंत लॅब उघडी ठेवणारे वॉचमनकाका, तुमचेही आभार. दादा, तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून धन्यवाद.