सेन्योरा, तुमच्या उशीसाठी

तीर्थस्वरूप सेन्योरा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, तरी मराठीतच लिहितेय. काल रात्री इंग्रजीत लिहायला बसले होते. चार ओळी झाल्या आणि बघते तर ते बँकेकडून आलेल्या पत्रासारखं दिसायला लागलेलं. मनात होतं त्यातलं काहीच त्यात नव्हतं. मग ते पान फाडलं.

मंगळवारी मला नोकरी मिळाल्याचा फोन आला. तशीच तुमच्याकडे धावत आले. तुम्ही दारातच मला पोटाशी धरलंत आणि माझ्या तोंडून 'थँक यू'पलीकडे शब्द फुटला नाही. तीन दिवस झाले, अजून गळा दाटून येतो. तेव्हा राहिलेलं आज सगळं लिहून काढते, तुमच्या उशीविषयी आणि केटी हुरादो या मेक्सिकन नटीविषयी. आमची माणसंही वाचतील म्हणून उघड लिहितेय. त्यांच्यातल्या काहींनी वाचावंच, अशी माझी इच्छा आहे.

मी बार्शीची. शाळा मराठी, कॉलेज गावातलंच. लग्नाआधी सहा वर्षं पतपेढीत हिशेब सांभाळले. वर्षअखेरीला माझ्या वह्यांत पैशाचा फरक निघत नसे. तीच मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला आले आणि मुकी झाले. इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. बोलायला शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. तिथल्या बाईंनी एकच वाक्य मला सगळ्यांसमोर सात वेळा म्हणायला लावलं आणि मग 'असू दे' म्हणून पुढच्या बाईकडे वळल्या. एका ठिकाणी फोनवर मुलाखत होती. पलीकडच्या माणसाने माझं वाक्य अर्ध्यात तोडलं आणि घरात दुसरं कुणी बोलणारं आहे का, असं विचारलं. आणि आपली माणसं? गणपतीत मी 'व्हेजिटेबल' कसं म्हणते ते एकीने दुसरीला करून दाखवलं. मोदकांचं ताट हातात घेऊन मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यानंतर मी सहा महिने कुठे गेलेच नाही.

तुम्ही कुंपणावरून लिंबं दिलीत, मी त्यांचं लोणचं करून आणलं. आपली ओळख एवढीच. त्या दिवशी तुम्ही मला आत बसवलंत आणि बुटांच्या खोक्यातून तुमच्या यजमानांच्या डीव्हीडी काढल्यात. सगळे वेस्टर्न. घोडे, टोप्या, धूळ. मला त्यात काडीचा रस नव्हता, पण उठून जायचं तर काय बोलून जायचं हे सुचेना, म्हणून बसले. तुम्ही 'हाय नून' लावलात.

मी नेहमीसारखी पडद्याखालची अक्षरं वाचत होते. घरीही तसंच बघायचे. माणसं वर बोलायची आणि मी खाली वाचायचे. गॅरी कूपरचा तो मार्शल केन, बाराच्या गाडीने त्याचा वैरी येणार, आणि अख्ख्या गावात मदतीला एक माणूस उभा राहत नाही. तो हेलन रामिरेझच्या खोलीत जातो. पूर्वी या दोघांचं काहीतरी होतं. ती त्याच्याकडे बघते आणि एकदम स्पॅनिशमध्ये बोलते. खाली अक्षरं आली, 'स्पॅनिशमध्ये बोलतात'. बस्, एवढंच. मी तुमच्याकडे बघितलं, अर्थ सांगाल म्हणून.

तुम्ही अर्थ सांगितला नाहीत. तुम्ही सिनेमा थांबवलात, गुडघ्यावर हात टेकून उठलात, आणि सोफ्यावरची लाल लोकरीची फुलं भरलेली ती लांबट उशी उचलून टीव्हीच्या पुढ्यात आडवी ठेवलीत. खालची सगळी अक्षरं झाकून गेली. मग प्रसंग मागे घेतलात आणि म्हणालात, "बघ तिच्याकडे."

मी बघितलं. रुंद कपाळ, काळेभोर डोळे, मान जराही झुकलेली नाही. तुम्ही विचारलंत, काय म्हणाली? मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं की पुष्कळ दिवसांनी भेटलाय तो तिला, जीव अजून आहे त्याच्यात, पण ही आता निघालीय आणि अडवलं तरी थांबायची नाही. तुम्ही माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबलात. मध्ये एकही शब्द पुरवला नाहीत. मग म्हणालात, "ती फक्त एवढंच म्हणाली की तुला पाहून वर्ष झालं. बाकीचं तू ऐकलंस."

ती उशी नंतर तुम्ही काढलीच नाहीत. राहिलेला सिनेमा मी कानांनी ऐकला, या देशात पहिल्यांदाच. आणि कळला.

ती बाई कोण, असं मी विचारलं तेव्हा तुमचा चेहरा उजळला होता. मी 'जुराडो' वाचलं. तुम्ही हसून म्हणालात, हुरादो. केटी हुरादो. तुमचं माहेर मेक्सिकोतल्या मोरेलोस राज्यातलं आणि तिचे शेवटचे दिवसही तिथेच, कुएर्नावाकात गेले. ५ जुलै २००२ ला ती वारली तेव्हा तुमच्या आईने घरात दिवा लावला होता, हे सांगताना तुमचा आवाज बदलला. त्यानंतरच्या शनिवारांत तुम्ही तिची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगत गेलात आणि मी घरी जाऊन आणखी वाचत गेले.

१९२४ चा जन्म. घरच्यांना सिनेमा मान्य नव्हता, तरी १९४३ मध्ये पडद्यावर आली. लग्न झालं, दोन मुलं झाली, लग्न मोडलं. मुलांसाठी सिनेमाच्या जोडीला तिने वर्तमानपत्रात लिहिलं, रेडिओवर बातमीदारी केली, बैलझुंजींची समीक्षा लिहिली. बैलझुंजींवर बाईने लिहायचं, तेही त्या काळात! अशाच एका झुंजीला नट जॉन वेन आणि दिग्दर्शक बड बेटिकर यांच्या नजरेला ती पडली. ही नटी आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. 'बुलफायटर अँड द लेडी' हा १९५१ चा सिनेमा तिला मिळाला तेव्हा तिला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. तिने वाक्यं नुसत्या आवाजावरून पाठ केली. अर्थ डोळ्यांत ठेवला आणि आवाज ओठांवर. 'हाय नून'साठी मात्र ती दोन महिने रोज दोन तास इंग्रजी शिकली.

सेन्योरा, हे तुम्ही सांगितलंत त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्गातल्या बाई मला सांगत होत्या की आधी उच्चार, मग बोलणं. आणि इथे एक बाई, दुसऱ्याच्या भाषेतले आवाज तोंडात धरून गॅरी कूपरसमोर उभी राहते आणि सबंध सिनेमात ताठ कण्याचं माणूस म्हणून तीच लक्षात राहते.

कारण हेलन रामिरेझ ताठच आहे. सलूनची मालकीण, शिवाय गावातल्या दुकानात तिची छुपी भागीदारी. गाव सोडायचं ठरल्यावर ती रडत बसत नाही. भागीदाराला बोलावते, हिस्सा विकते, सामान बांधते. हिशेब चोख. पतपेढीत सहा वर्षं काढलेल्या माझ्यासारखीला हा प्रसंग फार आवडला. केनच्या हाताखालचा तो तरुण हार्वी अंगचटीला येतो तेव्हा ती त्याच्या थोबाडीत देते आणि स्वच्छ सांगते की माझी इच्छा असेल तेव्हाच कुणी मला हात लावायचा. १९५२ सालचा सिनेमा आहे हा! ग्रेस केलीची एमी, केनची बायको, तिच्याकडे येते, नवऱ्याला सोडून निघालेली. गोरी, कोवळी. आणि समोर ही काळ्या पोशाखात. हेलन विचारते, तू कसली बायको? तो माझा माणूस असता तर मी बंदूक उचलून लढले असते. एमी विचारते, मग का नाही लढत? तर म्हणे, तो माझा नाही, तुझा आहे. त्या वेळी केटी २७ वर्षांची होती. या गावात मेक्सिकन बाई म्हणून जगणं काय असतं, हेही ती बोलून दाखवते, आणि त्या वाक्याला तुम्ही दर वेळी मान हलवता. मी बघितलंय.

त्या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब हे हॉलिवूडमधलं मोठं पारितोषिक मिळालं. ते पटकावणारी ती पहिली मेक्सिकन नटी. पण ऑस्करच्या यादीत त्या वर्षी तिचं नाव नव्हतं, आणि याचा मला अजून राग येतो. पुढे १९५४ चा 'ब्रोकन लान्स'. त्यातली भूमिका मुळात दोलोरेस देल रिओ या मेक्सिकन नटीला मिळाली होती, पण कम्युनिस्टांविषयी सहानुभूती असल्याच्या संशयावरून दोलोरेसला व्हिसा नाकारला गेला आणि केटीला बोलावलं. स्पेन्सर ट्रेसीची बायको, कोमांची या तिथल्या आदिवासी जमातीची. सगळे तिला सिनेमात 'सेन्योरा'च म्हणतात, म्हणून मीही तुम्हाला म्हणायला लागले. मुलगा झालेला रॉबर्ट वॅग्नर तिच्याहून जेमतेम सहा वर्षांनी लहान, पण तिने त्याच्याकडे असं काही बघितलंय की जन्मतारखा कुणाच्या मनातही येऊ नयेत. या कामासाठी ऑस्करचं नामांकन आलं. मेक्सिकन नटीला मिळालेलं ते पहिलं.

एवढं होऊनही हॉलिवूडने तिला काय दिलं? मेक्सिकन बायको, रेड इंडियन बायको, पुन्हा मेक्सिकन बायको. त्यातही तिने जीव ओतला, ब्रँडोच्या 'वन-आइड जॅक्स'मध्ये बघा. पण तिच्या आवाक्याच्या भूमिका तिला आपल्याच देशात मिळाल्या. दिग्दर्शक बुन्युएलच्या 'एल ब्रूतो'साठी तिला एरिएल हा तिकडचा सिनेमाचा पुरस्कार मिळाला. मध्यंतरी अर्नेस्ट बोर्गनाइनशी लग्न झालं आणि मोडलं, त्यावर तुम्ही कधी दोन वाक्यांपलीकडे बोलला नाहीत, मीही नाही. १९८१ मध्ये तिचा मुलगा मोटार अपघातात गेला. ते सांगून तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात आणि बराच वेळ नळ चालू ठेवलात. तुमच्या भिंतीवरच्या त्या तरुणाच्या फोटोबद्दल मी विचारलं नाही. कधी विचारणारही नाही.

मात्र एक सांगते. 'पॅट गॅरेट अँड बिली द किड'मधला तो प्रसंग आपण पाहिला, त्या शनिवारी मी तुमच्याकडेही बघत होते. सॅम पेकिनपाचा १९७३ चा सिनेमा. शेरीफ बेकर झालेल्या स्लिम पिकन्सच्या पोटात गोळी लागलीय. तो चालत नदीकाठी जातो. मावळतीचा उजेड आहे. केटी, त्याची बायको, बंदूक हातात घेऊन लढत होती, ती त्याच्या मागे येते आणि मध्येच थांबते. जवळ जात नाही. तो तिच्याकडे बघतो, ती त्याच्याकडे. वर बॉब डिलनचं गाणं. तिला तोंड उघडायचंच नाहीये. चाळीस वर्षांचा संसार आहे त्या बघण्यात. खाली झाकायला अक्षरंच नव्हती, तरी तुम्ही सवयीने उशी ठेवली होतीत.

मला इंग्रजी शिकवायला निघालेली माणसं पुष्कळ भेटली. माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारं माणूस तुमच्या आधी कुणी भेटलं नव्हतं. तुम्ही कधी माझा उच्चार सुधारला नाहीत, कधी 'छान बोलतेस' म्हणून पाठही थोपटली नाहीत. समोरच्याला बोलून होऊ द्यायचं, यापरती सभ्यता मला तरी माहीत नाही. आमच्याकडे बार्शीच्या एस. टी. स्टँडवर पानवाला आजोबा होते, तोतऱ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर शेवटपर्यंत ऐकायचे, मागे रांग कितीही असो. घाईघाईने त्याच्या तोंडात शब्द कोंबायचे नाहीत. त्यांची आठवण तुमच्यामुळे झाली. अशी माणसं सगळीकडे असणार. मलाच ती उशिरा दिसायला लागली.

मुलाखतीला समोर दोघं बसले होते. एकाने प्रश्न विचारला, मला निम्माच समजला. पूर्वी असते तर घाम फुटला असता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. हिशेबातली चूक सापडत नाही म्हणून त्रासलेल्या माणसाचा चेहरा मला चांगला ओळखता येतो. मी कागद मागितला आणि त्याला चूक कशी शोधायची ते मांडून दाखवलं, जमेल तसं बोलत. माझे उच्चार बार्शीचेच होते. कुणी हसलं नाही.

उद्या शनिवार. 'द हाय-लो कंट्री' बघायचा राहिलाय, १९९८ चा. तुम्ही म्हणालात त्यात ती भविष्य सांगणारी म्हातारी झालीय. मी शंकरपाळी केली आहेत, डबा घेऊन नेहमीच्या वेळी येते. सिनेमाच्या आधी हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणार आहे, सगळं, मराठीतच. मध्ये थांबून अर्थ सांगणार नाही. तुम्ही फक्त माझ्याकडे बघा.

तुमची,
शेजारीण