ग्लेंडा जॅक्सन : दोन ऑस्करच्या पलीकडे

संपादक महोदय,

ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन यांच्याविषयी मराठीत जे थोडेफार माझ्या वाचनात आले, त्यात 'विमेन इन लव्ह' आणि 'अ टच ऑफ क्लास' या चित्रपटांसाठी मिळालेली दोन ऑस्कर आणि पुढची खासदारकी एवढ्यावरच त्यांची ओळख आटोपलेली असते. हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

दोन्ही ऑस्कर स्वीकारायला त्या स्वतः गेल्या नव्हत्या. इंग्लंडमधील बर्कनहेडच्या एका गवंड्याची ही मुलगी औषधांच्या दुकानात नोकरी करून नाट्यशिक्षणाकडे वळली आणि १९६४ मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रूक यांच्या 'मारा/साद' या नाटकातील शार्लट कॉर्देच्या भूमिकेमुळे नावारूपाला आली. त्यांची खरी ताकद पाहायची असेल, तर इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्यावरची १९७१ ची बीबीसीची 'एलिझाबेथ आर' ही मालिका पाहावी. राणीच्या भूमिकेसाठी त्यांनी कपाळावरचे केस भादरून घेतले होते. संशयाच्या छायेत वावरणाऱ्या राजकन्येपासून थकलेल्या, तरीही बसायला तयार नसलेल्या राणीपर्यंतचा सगळा प्रवास त्यांनी सहा भागांत उभा केला आणि तो मुख्यतः आवाजाच्या आणि नजरेच्या बळावर.

१९९२ मध्ये, कारकीर्द भरात असताना, अभिनय सोडून त्या मजूर पक्षातर्फे संसदेत गेल्या आणि २०१५ पर्यंत तिथेच राहिल्या (२०१० ची निवडणूक तर त्यांनी अवघ्या ४२ मतांनी जिंकली). इतका काळ रंगभूमीपासून दूर राहिल्यावर, २०१६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात त्या थेट शेक्सपिअरचा किंग लिअर म्हणून उभ्या राहिल्या. पुरुष नटांनाही जी भूमिका शरीराने आणि स्मरणशक्तीने झेपेल की नाही अशी धास्ती वाटते, ती त्यांनी पुनरागमनासाठी निवडली, याचे मला फार अप्रूप वाटते. २०१८ मध्ये 'थ्री टॉल विमेन' या नाटकासाठी त्यांना टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. २०१९ च्या 'एलिझाबेथ इज मिसिंग' या दूरचित्रवाणीपटात स्मृतिभ्रंश झालेली वृद्धा साकारताना, चिठ्ठ्यांच्या आधाराने हरवलेल्या मैत्रिणीचा माग काढणाऱ्या त्या बाईची चिडचिड आणि भीती त्यांनी कुठेही केविलवाणी होऊ दिली नाही.

१५ जून २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या चित्रपटविषयक पानावर परदेशी अभिनेत्रींविषयी लिहिताना त्यांच्या रंगभूमीवरील आणि दूरचित्रवाणीवरील कामालाही चित्रपटांइतकीच जागा मिळावी, आणि त्याची सुरुवात जॅक्सन यांच्यावरील एखाद्या सविस्तर लेखाने व्हावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा