खाडीकाठच्या सायकलवाटा छापताना भरतीची वेळही छापा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत खाडीकाठच्या टेकड्यांतून आणि गावांतून जाणाऱ्या माउंटन बाइकच्या वाटांवरचा लेख वाचला. अनेक वर्षं मी अशाच वाटांवर सायकल चालवत आले आहे, त्यामुळे उंच डोंगरांच्या वाट्याला येणारं कौतुक या साध्या, चढउताराच्या मुलखालाही मिळालेलं पाहून मनापासून आनंद झाला. पण लेखासोबतच्या चौकटीत प्रत्येक मार्गाचं अंतर, एकूण चढाई आणि काठिण्य एवढंच दिलं आहे. डोंगरवाटेला तेवढं पुरेल. खाडीकाठी मात्र भरती-ओहोटी सांगितल्याशिवाय मार्ग सांगून पूर्ण होत नाही. त्यासाठीच हे पत्र.

मला हे फजितीतून कळलं. नकाशावरच्या रेषेवर विसंबून एका सकाळी मी खाजणाच्या, म्हणजे भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीच्या, कडेनं जाणारी वाट धरली. जाताना ती कोरडी आणि टणक होती. दोन तासांनी परतले तेव्हा सखल टप्प्यात घोटाभर पाणी होतं. पलीकडचा बांध समोर दिसत होता, म्हणून सायकल खांद्यावर घेऊन पाण्यात शिरले. निम्म्यात पोहोचेतो पाणी गुडघ्यावर आलं आणि पाय चिखलात रुतू लागले. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खोल जाई. मागं फिरले, हे नशीब. काठावर एक आजोबा जाळं नीट करत बसले होते. ते म्हणाले, "अमावास्या परवाच झाली. उधाण आहे. आता पाणी उतरेपर्यंत बसा." तासन्‌तास बसले. खाडीबद्दल त्या दिवशी जेवढं शिकले, तेवढं एरवी कधीच शिकले नसते.

माझी चूक अशी की पाणी एका चालीनं चढतं असं मी धरून चालले होते. तसं ते चढत नाही. साधारण सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा हिस्सा भरतो, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्याला तीन, चौथ्याला पुन्हा तीन, मग दोन आणि शेवटी एक, असा दर्यावर्दींचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी येतं. मी निघाले तेव्हा भरतीचा पहिला तास होता आणि परतले ती बरोबर तिसऱ्यात. त्यातही हा ठोकताळा मोकळ्या किनाऱ्याचा. खाडी उथळ आणि आत निमुळती होत गेलेली असेल तर बऱ्याचदा भरती कमी वेळात, जास्त जोरानं येते आणि ओहोटी रेंगाळते. शिवाय भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ बहुधा मुखाजवळच्या बंदराची असते, आतल्या गावाशी पाणी त्यानंतर पोहोचतं. इंग्लंड आणि वेल्सच्या मधल्या सेव्हर्न खाडीत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या आसपास जातो. सगळ्याच खाड्या अशा नसतात हे खरं, पण सपाट चिखलावर एका मीटरचा फरकही वाट गिळायला पुरेसा आहे.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढं सरकते. या शनिवारी सकाळी मोकळी मिळालेली वाट पुढच्या शनिवारी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती-ओहोटी, हे किनाऱ्यावरच्या माणसाला तोंडपाठ असतं. नवख्या सायकलस्वाराला मात्र ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगण्याची जागा मार्गाच्या चौकटीतच आहे.

आता चढाईबद्दल. सर्वोच्च टेकाड जेमतेम शंभर मीटरचं असल्यामुळे लेखात एका मार्गाला 'सोपा' म्हटलं आहे. इथं माझा मतभेद आहे. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढं बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि नद्यांची खोरी पाण्याखाली गेली. अशा बुडालेल्या खोऱ्याच्या खाडीला झाडासारख्या फांद्या असतात, आणि प्रत्येक फांदीपाशी वाट ओढ्यापर्यंत उतरते, ओलांडते, पुन्हा चढते. पन्नास मीटरचे वीस चढ म्हणजे हजार मीटर. तेही एका दमाचे नव्हेत, त्यामुळे लय लागते न लागते तोच ब्रेक दाबावा लागतो. लांबलचक घाटापेक्षा मला हे अधिक थकवतं. पुलांचंही तसंच. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं, पण पूल पार वर, खाडी अरुंद होते तिथं. थकल्यावर समोरचा काठ किती जवळ वाटतो आणि माणूस चिखलातून जायचा मोह कसा धरतो, ते मी वर लिहिलंच आहे. चौकटीत एकूण चढाईबरोबर चढांची संख्या आणि मधूनच माघारी फिरण्याच्या जागा दिल्या, तर हा मोह बराच कमी होईल.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी आधी खाडीकाठच्या जुन्या रेल्वेमार्गांवरच्या वाटा शोधाव्यात. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली कॅमल ट्रेल याचं उत्तम उदाहरण आहे. तिथल्या पॅडस्टो गावापर्यंतची रेल्वे १९६७ साली बंद पडली आणि पुढं तिच्याच भरावावर सायकलवाट झाली. आगगाडीसाठी घातलेला भराव पाण्यापासून उंच असतो आणि चढही सौम्य असतो. हे माउंटन बाइकिंग नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणोत. खाडीची ओळख करून घ्यायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

गावांविषयी लेखात 'वाटेत टुमदार गावं लागतात' एवढं एकच वाक्य आहे, आणि ते मला सर्वांत जास्त खटकलं. या मुलखातला जवळजवळ प्रत्येक उतार एखाद्या गावाच्या बोळात संपतो. टेकडीवरून आलेला वेग पहिल्या घरापाशी आपोआप कमी होत नसतो. दारात मूल खेळत असतं, वळणावर गुरं असतात. ब्रेक गावात शिरल्यावर दाबायचे नसतात, शेवटच्या शेतापाशीच वेग उतरवायचा असतो. अरुंद वाटेवर चढणाऱ्याला उतरणाऱ्यानं जागा द्यावी, फाटक जसं सापडलं तसंच ठेवावं, उघडं तर उघडं आणि लावलेलं तर लावलेलं. इंग्लंड आणि वेल्समधल्या १९६८ च्या कायद्यानं सायकलस्वारांना घोडेवाटांवर जायची मुभा दिली, ती पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायच्या अटीवरच. जिथं असा कायदा नाही, तिथं आपण गावकऱ्यांच्या भरवशावर जात असतो. पाऊस पडून गेल्यावर मऊ शेतवाटेवर सायकल घातली की चाकोरी पडते, पुढचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि वाट खरवडत नेतं. आपण दोन तासांत घरी जातो, पण ती वाट शेतकऱ्याला रोज लागते.

पक्ष्यांचा विचारही वेळापत्रकात हवा. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर चरणारे पाणपक्षी भरतीच्या वेळी बांधांवर आणि उंच कडांवर विसाव्याला येतात. नेमक्या त्याच वेळी आपण बांधावरून सायकली दामटल्या की सगळा थवा उठतो. लांबच्या स्थलांतराला निघायच्या पक्ष्याला ती ताकद पुन्हा खाऊन भरून काढावी लागते. म्हणून भरतीच्या वेळी मी टेकडीवरची वाट धरते. पाण्यापासूनही सुटका होते आणि त्यांनाही निवांत बसता येतं.

सायकलच्या निगेबद्दल लेखकानं नेमकं लिहिलं आहे. एकच भर घालते: खाऱ्या चिखलातून आल्यावर सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवावी, पण जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नये, त्यानं क्षार आत शिरतात.

संपादक महोदय, पुरवणीतली ही मालिका पुढं चालणार असल्याचं लेखाच्या शेवटी म्हटलं आहे. पुढच्या भागापासून प्रत्येक मार्गासोबत सखल टप्पा कोणता, तो भरतीच्या आधी आणि नंतर किती वेळ टाळावा, आणि त्याला पर्यायी वरची वाट कोणती, एवढं तरी अवश्य छापावं. ही माहिती नकाशावर सापडणार नाही. ती काठावरच्या गावांत विचारावी लागेल, आणि ती माणसं ती आनंदानं देतात, हा माझा अनुभव आहे.

आपली,
एक सायकलस्वार वाचक