तलफेच्या पाच मिनिटांसाठी: समुपदेशक ताईंना जाहीर आभारपत्र

फोंडा, गोवा

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

सिगारेट-विडी सोडू पाहणाऱ्यांसाठीच्या मराठी अ‍ॅपचा आराखडा तुम्ही ओळ न् ओळ वाचलात आणि लाल पेनाने भरून परत दिलात, त्याबद्दल हे पत्र. जाहीर लिहितो आहोत, कारण तुमच्या दुरुस्त्या एका अ‍ॅपपुरत्या ठेवण्यासारख्या नाहीत. मराठीत असं काही बनवायला बसणाऱ्या प्रत्येकाच्या त्या कामी येतील.

सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती पहिल्याच पडद्यावरची. मधोमध 'सलग धूरमुक्त दिवस' असा ठळक आकडा होता, आणि एक सिगारेट ओढल्याची नोंद केली की तो शून्य व्हायचा. तुम्ही शेजारी लिहिलंत, 'हा शून्य बघितला की माणूस अख्खं पाकीट घेऊन येईल.' अगदी तसंच होतं. एक चूक झाली म्हणजे सगळंच गेलं, असं वाटलं की पुढच्या सिगारेटींना अडवायला काही उरत नाही. आता मोठा आकडा एकूण धूरमुक्त दिवसांचा आहे, तो एका सिगारेटने शून्यावर येत नाही. सलग दिवस खाली बारीक अक्षरात आहेत. 'ओढली गेली' असं नोंदवलं की अ‍ॅप तीनच गोष्टी विचारतं: कुठे होता, सोबत कोण होतं, त्याआधी काय चाललं होतं. मग लगेच पुढचा प्रश्न: येत्या एका तासात काय करणार? 'अपयश' आणि 'व्यसनी' हे शब्द तुम्ही जिथे खोडलेत तिथून कायमचे गेले.

अ‍ॅप बांधणाऱ्यांसाठी इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. दिवसांचा आकडा साठवायचा नाही. प्रत्येक नोंद तिच्या वेळेसकट साठवायची आणि आकडा दर वेळी त्यातून काढायचा. लोक कालची सिगारेट आज नोंदवतात, चुकून दोनदा बटण दाबतात, मग एक नोंद काढून टाकतात. साठवलेला आकडा अशा वेळी हमखास चुकतो, आणि एकदा तो चुकीचा दिसला की माणसाचा अ‍ॅपवरचा विश्वास उडतो.

तलफेच्या बटणाबद्दल तर तुमचे आभार किती मानावेत! एक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटांत ओसरते. आमच्या आराखड्यात बटण दाबल्यावर आठ पर्यायांची यादी उघडत होती. तुम्ही ती यादी सरळ काटलीत: हात शिवशिवत असताना कोण वाचणार? आता फोनच्या मुख्य पडद्यावरच बटण आहे. दाबलं की लॉगिन नाही, नेटवर्क नाही, थेट पाच मिनिटांचं घड्याळ सुरू. एक वर्तुळ ४ सेकंद फुलतं, ६ सेकंद मिटतं, त्याच्या तालावर श्वास. दुसऱ्या मिनिटाला एकच सूचना येते: पाणी प्या, किंवा जागेवरून उठा. नेटवर्कशिवाय चालणं सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांसाठी आणि ऐन पावसाळ्यासाठी गरजेचंच. फोनचा पडदा आपोआप विझतो आणि वर्तुळ मधेच नाहीसं होतं, हेही तुम्हीच पकडलंत. ती पाच मिनिटं पडदा जागा ठेवायची आज्ञा द्यावी लागते, आणि वेळ संपल्यावर ती आठवणीने काढावी लागते, नाहीतर बॅटरी खाल्ली जाते. ठोका आवाजाऐवजी कंपनाने दिला, म्हणजे भजनाला बसलेल्यालाही वापरता येईल.

त्याच पडद्यावर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेची मोफत लाइन आहे. ती चोवीस तास सुरू नसते, म्हणून वेळेबाहेर त्या जागी माणसाने स्वतः निवडलेला नंबर दिसतो. रात्री अकराला न लागणारा फोन दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा, हे तुमचं म्हणणं पटलं.

सवय किती घट्ट आहे हे ओळखायला आम्ही फागरस्ट्रॉम चाचणीचे सहाही प्रश्न घेतले होते. तुम्ही दोनच ठेवलेत. उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? ५ मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, अर्ध्या तासात २, तासाभरात १, त्यानंतर शून्य. आणि दिवसाला किती? दहापर्यंत शून्य, ११ ते २० ला १, २१ ते ३० ला २, त्यापुढे ३. दोन्हींची बेरीज शून्य ते सहा. दुसऱ्या प्रश्नात मात्र आम्ही 'पाकिटं किती' असं विचारलं होतं. गाड्यावर सुटी सिगारेट घेणारा पाकिटात मोजतच नाही, आणि विडीवाल्याचा हिशोब कट्ट्याचा. मग अंदाजे काहीतरी लिहिलं जातं आणि वाचलेल्या पैशांचा आकडा खोटा निघतो. तुमच्या सांगण्यावरून आता कालचा दिवस विचारतो: उठल्यापासून चहापर्यंत किती, जेवणापर्यंत किती, संध्याकाळी किती, झोपेपर्यंत किती. बेरीज अ‍ॅप करतं, आणि किंमत एका नगाची विचारतं.

निकोटिन गमचा भाग तुम्ही जवळजवळ नव्याने लिहिलात. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅम, बाकीच्यांना २, आणि ४ चा गम डॉक्टरांना विचारूनच. साध्या च्युइंगमसारखा सतत चघळला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि 'गम चालत नाही' म्हणून लोक सोडून देतात. हळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा, झिणझिणी गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, असं अर्धा तास. आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही, म्हणून आधी १५ मिनिटं चहा, कॉफी, सोडा नको. त्यात तुम्ही स्वतःच्या अक्षरात भर घातलीत: 'सोलकढी!' जेवणानंतरची तलफ सगळ्यात जोरात असते आणि आपल्याकडे जेवण सोलकढीवर संपतं. त्यानंतर घेतलेला गम का लागू पडत नाही याचं उत्तर बाहेरून आणलेल्या कुठल्याही मजकुरात आम्हाला मिळालं नसतं.

चहाकॉफीचंही तसंच. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफीन लवकर निपटतं. धूर थांबला की तेवढ्याच कपांनी रक्तात जास्त कॅफीन राहतं, झोप उडते, छाती धडधडते, आणि माणूस समजतो की हे सिगारेट सोडल्यामुळेच. म्हणून पहिल्या आठवड्यात कप निम्मे करा, असं अ‍ॅप सांगतं. याच कारणाने दम्यावरचं थिओफायलिन किंवा मानसिक आजारावरचं क्लोझापिन घेणाऱ्यांना सोडायच्या तारखेआधी डॉक्टरांना भेटायची सूचना येते, कारण त्या औषधांची मात्रा बदलावी लागू शकते. ही सूचना आम्ही मदत-पानाच्या तळाशी टाकली होती. तुम्ही ती तारीख निवडण्याच्या आधी आणलीत. अ‍ॅपमधली ती सगळ्यात जबाबदारीची जागा आहे.

तारखेबद्दल तुम्ही सुचवलेलं आम्हाला सगळ्यात आवडलं. जे श्रावण पाळतात त्यांनी श्रावणातच सुरुवात करावी. मासळी-मटण बंद, दारू बंद, त्यामुळे बारची बैठक आणि तिच्याबरोबरची सिगारेट आपोआप मागे पडते. सोडल्यानंतरची चिडचिड, अस्वस्थता पहिल्या आठवड्यात जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत उतरत जाते, म्हणजे कठीण काळ श्रावणातच निघून जातो. पुढे लगेच चतुर्थी. गावोगावचे मित्र घरी येतात, घरोघर आरत्या होतात, रात्र वाढत जाते आणि कुणीतरी अंगणाच्या कडेला पाकीट पुढे करतं. त्या दिवसांत संध्याकाळी एक आगाऊ संदेश येतो आणि 'नको, सोडलीय' हे म्हणायचा सराव करून घेतो. पाळत नसेल त्याला अ‍ॅप पुढच्या दोन आठवड्यांतली साधी तारीख देतं, फक्त जत्रा, शिगमो, कार्निव्हल टाळून.

संदेश पाठवण्यात मात्र अडचणी खूप आल्या. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायलाच परवानगी मागावी लागते. अ‍ॅप उघडल्या उघडल्या मागितली की लोक 'नको' दाबतात, म्हणून आपली तलफेची वेळ निवडून झाल्यावर मागतो. बॅटरी वाचवणारी सोय बऱ्याच फोनमध्ये संदेश अडवते, तेव्हा ती सेटिंग कुठे आहे हे चित्रांसकट दाखवलंय. बंद पडद्यावर 'सिगारेट' हा शब्द येत नाही, 'पाच मिनिटं आहेत?' एवढंच येतं. घरी माहीत नसलेल्यांचा, विशेषतः बायकांचा विचार तुम्ही केलात, आम्हाला तो सुचला नव्हता. 'मी सोडतोय'च्या जागी 'मला सोडायची आहे' आलं, तेही त्यामुळेच.

परदेशी मजकुरातला ई-सिगारेटचा सल्ला काढलाय, आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने तिच्यावर बंदीच आहे. दर आठवड्याला 'तोंडात तंबाखू, खैनी, मावा?' हा प्रश्नही घातलाय, कारण सिगारेट सोडून तिकडे वळणारे तुम्ही रोज बघता. गोव्याच्या १९९७ च्या धूम्रपानबंदी कायद्यातल्या दंडाची भीती घालणारा पडदा तुमच्या सांगण्यावरून गेला. त्याऐवजी 'बस, फेरीबोट, वाचनालय, देऊळ: जिथे ओढता येत नाही तिथे जाऊन बसा' असं आहे.

दोन कामं राहिलीत. श्वासाच्या पडद्यावर लिहिलेल्याऐवजी बोललेला आवाज हवा, तो तुमचाच असावा अशी विनंती आहे. आणि कोंकणी मजकूर: त्याचा पहिला खर्डा श्रावणाआधी तुमच्याकडे येईल. ओळींमध्ये लाल पेनासाठी जागा सोडलीय.

देव बरें करूं, ताई.

तुमचे,
अ‍ॅपवर काम करणारे आम्ही सगळे