मालवणच्या मचव्याला कोल्हापूरचे हात हवेत

कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

मालवणच्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत एक मचवा, म्हणजे शिडाची मोठी होडी, ओंडक्यांवर चढवून ठेवलेला आहे. लांबी ३६ फूट, फळ्या सागाच्या, आतल्या वाक्या, म्हणजे होडीच्या फासळ्या, ऐनाच्या. एकेकाळी तो नुसत्या शिडावर मासेमारीला जायचा. इंजिनाच्या बोटी आल्या आणि तो किनाऱ्यावरच राहिला. ज्या घरचा तो आहे, त्यांनी तो फोडून लाकूड विकलं नाही. एक पैसाही न घेता त्यांनी तो आमच्या सागरी प्रशिक्षण समितीला दिला. अट एकच घातली, यावर पोरांना शिडाचं काम शिकवा.

"कोल्हापूरला कुठला आलाय समुद्र?" असं आम्हाला पुष्कळ जण विचारतात. होता की! सिंधुदुर्ग आणि मालवण १८१२ पर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकून त्याचं 'फोर्ट ऑगस्टस' असं नामकरणही केलं होतं, पण तो त्यांनी परत केला. १८१२ च्या तहात मात्र तो कायमचा गेला. गगनबावड्याहून करूळ घाट उतरला की आजही आपण मालवणच्याच वाटेला लागतो.

पाण्याची भीती आपल्या पोरांना नाही. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेली माणसं इथे घराघरांत आहेत, आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा वीरधवल खाडे याच मातीतला. पण पोहणं वेगळं आणि होडी सांभाळणं वेगळं. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला लोकांना वाचवायला निघालेली होडीच उलटली, हे आपण कुणीही विसरलेलो नाही. होडीत माणसं किती घ्यायची, वजन कुठे ठेवायचं, जॅकेट घातल्याशिवाय पाऊल का टाकायचं नाही, हे पूर आल्यावर शिकता येत नाही.

मचव्यावर ते आपोआप अंगात मुरतं, कारण तिथे बटण दाबून काही होत नाही. पहाटे जमिनीवरून सुटणारा मतलई वारा धरून बाहेर पडायचं, दुपारी खारा वारा सुरू झाला की परतायचं. शीड फिरवायचं तर चार-सहा जणांना एकाच वेळी दोर ओढावा लागतो, एकानं जरी आळस केला तरी मचवा वळत नाही. इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्ट बंदरात १९२१ साली बांधलेलं 'एक्सेल्सियर' हे शिडाचं मासेमारी जहाज पुढे नॉर्वेत मालवाहू झालं, मग मायदेशी आणून नव्यानं उभं केलं गेलं आणि तरुणांना घेऊन समुद्रावर जाऊ लागलं. आपला मचवा त्याच्या मानानं लहान आहे, उघडा आहे. त्यावर मुक्काम होणार नाही, दिवसाच्या फेऱ्या होतील. १४ ते २० वयाच्या मुलामुलींसाठी तेवढं पुरेसं आहे.

अडचण लाकडाची आहे. पाण्याबाहेर राहिलेली होडी वाळते, फळ्या आकसतात, फटी उघडतात आणि पावसाचं पाणी आत मुरून वाक्या कुजतात. डाव्या बाजूच्या तीन वाक्या गेल्याच आहेत. आणखी एक पावसाळा तिच्या अंगावर काढणं आम्हाला धोक्याचं वाटतं. मालवणचे जुने सुतार काम करायला तयार आहेत, पण त्यांच्या हाताखाली शिकणारी तरुण माणसं आता फार थोडी उरली आहेत, हेही एक कारण घाईचं आहे.

सागाच्या फळ्या, ऐनाचं वाकडं लाकूड, तांब्याचे खिळे, शिडाचं जाड कापड, दोर आणि २० लाइफ जॅकेट, एवढं हवं आहे. वखारवाल्यांनी लाकूड दिलं, इचलकरंजीच्या एखाद्या कारखानदारानं कापड दिलं, तर पैशांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. पैसे देणाऱ्यांना रक्कम लहान असो वा मोठी, पावती मिळेल आणि हिशेब दर महिन्याला फलकावर लावला जाईल. ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांनी एक शनिवार-रविवार मालवणला चला. जुना रंग खरवडायला आणि फटींत कापूस ठासायला हात लागतातच. जेवणाची सोय मचवा देणाऱ्या घरानंच केली आहे.

दर रविवारी सकाळी सात वाजता रंकाळ्यावर मुलांचा वल्ही मारण्याचा सराव असतो. तिथे या, मुलांशी बोला, नाव नोंदवा. काम दिवाळीनंतर लगेच सुरू करायचं आहे.

आपली,
सागरी प्रशिक्षण समिती, कोल्हापूर